रोशनबीचे हात

१९४४च्या मार्गशीर्षात साखर-रॉकेलच्या कार्डांसाठी माणसं मोजायला राधाकृष्ण कारकून सोनईत आला. लोक घरात चौदा तोंडं सांगत आणि आत डोकावलं तर सात. वैतागून त्यानं रोशनबी मण्यारणीला चावडीवर बोलावलं. तीस वर्षं घरोघर बांगड्या भरणारी बाई. कुठल्या घरात कोण आहे, हे तिला तोंडपाठ.

अडचण एवढीच, की अर्ध्या गावानं तिला आधीच गाठून आपापला आकडा पढवला होता. कुणाचा मेलेला सासरा जिवंत ठेवायचा, कुणाची पळून गेलेली सून बाळंतपणाला माहेरी आहे म्हणायचं. दुपारपर्यंत ती चावडीवरून जागची हललीसुद्धा नाही, पण डोक्याचा पार भुगा झाला आणि एकही आकडा धड सांगता येईना. कारकुनानं तिला उद्या परत यायला सांगितलं.

तशीच ती गोजरबाईंकडे गेली. त्यांच्या मुक्ताचं लग्न परवावर आलेलं, हिरवा चुडा भरायचा होता. रोज वाकून शिरायची त्या दारात रोशनबीनं कपाळ आपटून घेतलं. टोपली ओसरीच्या कडेला अर्धवट टेकवली. ती कलंडून दोन डझन बांगड्या वाढल्या. मग पंजा दाबून बांगडी चढवायला लागली, तर चढेना. दुखत होतं, पण ते मुक्ताला दुखतंय असं तिला वाटत होतं. हात ढिला सोड, असं तिनं तीनदा बजावलं.

"चाची, त्यो तुमचा हात हाय," मुक्ता म्हणाली.

चुडा भरायला जमलेल्या बायका हसून लोळायच्या राहिल्या. गोजरबाईंनी दृष्ट काढायला मिरच्या मागवल्या. रोशनबी मात्र घाबरली. हातच गेले तर तिच्याकडं दुसरं काय होतं?

"मिरच्या ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सकाळधरनं तुमचं समद्यांचं खोटं डोक्यात धरून बसले. हातापत्तुर काई पोचंना. मला घोंगडं द्या."

आणि सात बायका ताटकळत असताना ती ओसरीवर घोरू लागली. गोजरबाई धुसफुसल्या, पण उठवायची सोय नव्हती. त्यांच्या घरचे पाच जादा जीव तिच्याच जिभेवर होते.

तासाभरानं उठून तिनं चूळ भरली. मुक्ताचा पंजा धरला आणि चुडा सरसर चढवला, तोही न बघता.

दुसऱ्या दिवशी तिनं कारकुनाला सगळे खरे आकडे एका दमात सांगितले आणि सकाळी नऊच्या आत मोकळी झाली. गाव महिनाभर तिच्याशी बोललं नाही. मग संक्रांत आली, आणि बायकांनी मुकाट्यानं हात पुढं केले.