माझ्या नळीतला कचरा

मी स्कूटर बोलतेय. दचकू नका. इतकी वर्षं नुसती खोकत होते, आज जरा घसा मोकळा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, बाकीच्या बहिणींसारखाच. कुणी चाक लावलं, कुणी आरसा, आणि शेवटी एकानं पाठीवर थाप मारून रांगेत उभं केलं. रंग मात्र माझ्या वाट्याला आला वांग्यासारखा. दुकानदार म्हणायचा, "हा रंग कुणी घेत नाही." बाईंनी घेतला. बाई एका दवाखान्यात रक्त तपासायच्या. दिवसभर लोकांची बोटं टोचून टोचून त्यांना कुणाच्या वाकड्या तोंडाची भीती उरली नव्हती. "हीच हवी," म्हणाल्या, आणि नवऱ्याला मागे बसवून घरी आल्या.

नवरा प्लंबर. सगळी गल्ली त्यांना नळवाले म्हणते. बाई चालवायच्या आणि नळवाले मागे, हातात लांबलचक पाइप आडवा धरून. आम्ही निघालो की लढाईवर निघाल्यासारखं दिसायचं. समोरची माणसं आपणहून बाजूला व्हायची.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझ्या सीटखाली एक छोटा खटका आहे, पेट्रोलचा कॉक. गाडी उभी केली की तो बंद करायचा, निघताना उघडायचा. उघडाच राहिला तर पेट्रोल ठिबकतं, अंगणभर वास सुटतो आणि मी सकाळी रुसून बसते. उलट बंद ठेवूनच निघालात, तर नळीत उरलेल्या चार थेंबांवर मी तोऱ्यात थोडी पुढे जाते आणि भर रस्त्यात मान टाकते.

बाई कॉक कधी विसरल्या नाहीत. नळवाल्यांच्या तो कधी लक्षात राहिला नाही.

"जगाचे नळ बंद करत फिरता," बाई म्हणायच्या, "आणि घरचा एवढा एक कॉक बंद होत नाही तुमच्याच्यानं?"

"अगं, न्हाव्याची दाढी नेहमी वाढलेलीच असते."

मग त्यांना मुलगी झाली. ती उभी राहायला लागली तशी पुढे, माझ्या हँडलला धरून उभी राहू लागली. माझा हॉर्न तेव्हाच बिघडला होता, तर वळण आलं की ती तोंडानंच "पीऽप" करायची. म्हणून तिचं नाव पिपाणी. बाईंनी तिच्यावर आणखी एक काम सोपवलं होतं. घरी आलं की खाली वाकून कॉक बंद करायचा. "केला का गं?" "केलाऽ." हे रोजचं.

पुढे बाई आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांना मीच नेत होते. शेवटच्या वेळी मोठी गाडी आली. मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर नळवाले मला चालवू लागले. कॉकला मात्र कुणीच हात लावेना. बापाला आठवायचं नाही आणि लेकीला नको तेवढं आठवायचं, म्हणून. अंगणात पेट्रोलचा वास सुटायचा, आणि आत दोघं खिडकी लावून जेवायची.

यंदा पिपाणीला लांबच्या मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळाला, इंजिनिअरिंगला. नळवाल्यांची तेव्हापासूनची तऱ्हा तुम्ही बघायला हवी होती. बाहेर असले की ज्याच्या त्याच्या मोरीत वाकलेल्या अवस्थेत सांगायचे, "पोरगी इंजिनिअर होणार आमची. पाना द्या जरा." आणि घरी आले की दुसरंच सुरू.

"तिथलं पाणी जड आहे म्हणे. साबणाला फेस येत नाही. केस गळतील तुझे."

"बाबा, मी शिकायला चाललेय. केस धुवायला नाही."

"जवळचंही कॉलेज वाईट नाही."

"आहे. वाईट आहे."

एकदा आत्या आली होती, नळवाल्यांची थोरली बहीण. ती म्हणाली, "अरे, पोरीला पाठवतोयस की सासरी धाडतोयस? तोंड बघ जरा आरशात." नळवाल्यांनी खरोखरच माझ्या आरशात पाहिलं आणि आरसाच पुसायला घेतला.

सामान भरताना त्यांनी तिच्या बॅगेत एक पाना, वायसर आणि नळाला गुंडाळायची पांढरी टेप कोंबली.

"बाबा, हॉस्टेलला प्लंबर असतो."

"असतो ना. मी प्लंबरच आहे. तो कधी येतो ते मला माहीत आहे."

निघायचा दिवस उजाडला. सकाळची बस होती, आणि त्याच दिवशी कॉलेजात हजर झालं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आता त्या सकाळी माझ्यापाशी काय काय झालं ते सांगते. आधी नळवाले आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि माझ्या प्लगची वायर उपटली. क्षणभर ती हातात धरून उभे राहिले. मग शेपटी धरलेला उंदीर सोडावा तशी घाईनं पुन्हा जागेवर बसवली, स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखं केलं आणि बॅग बांधायला दोरी आणायला आत गेले. थोड्या वेळानं आणखी एक हात माझ्यापाशी आला. कुणाचा ते इतक्यात नाही सांगत.

बॅग पुढे, पिपाणी मागे, अशी आमची स्वारी निघाली. कोपरा ओलांडला, शटर ओढलेल्या दुकानांपर्यंत आलो, आणि मी फुर्रऽ करून मान टाकली.

नळवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, वायर नीट बसली नाही, आपलंच पाप भोवलं. उतरून वायर दाबून पाहिली. ती घट्ट होती. किक मारली. मला तिरकी करून पुन्हा किक मारली. मी ढिम्म. मग त्यांचा हात सहज सीटखाली गेला आणि तिथेच थांबला.

कॉक बंद होता.

त्यांनी तो जन्मात कधी बंद केला नव्हता. मी काही स्वतःचा स्वतः बंद करत नाही. मग राहिलं कोण?

त्यांनी मान वर करून पाहिलं. पिपाणी पाठ करून एका बंद दुकानाची पाटी वाचत होती. दोन शब्दांची पाटी, पण वाचून संपतच नव्हती.

"बंद पडली गं," नळवाले म्हणाले.

"हं."

"बस जाईल बहुतेक."

"जाऊ दे," ती पाटीलाच म्हणाली. "जवळचंही कॉलेज वाईट नाही, बाबा."

महिनाभर हेच वाक्य तिच्या तोंडून ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. आता ते आयतं ताटात पडलं होतं. त्यांनी फक्त हात झटकून "चल घरी" म्हणायचं होतं, बस्स. माझा तर श्वासच अडकला, म्हणजे आधीच अडकलेला होता तो आणखी.

नळवाले उकिडवे बसले. मला उगीच इथे तिथे ठोकलं. एका पाइपात फुंकर मारल्याचं नाटक केलं. आणि कॉक उघडला.

"कचरा होता," ते म्हणाले.

ती वळली. "कचरा?"

"नळीत. अडकला होता. काढला."

नळवाल्यांनी हात पँटला पुसले.

"बरं," पिपाणी म्हणाली. "कचराच असेल."

अडलेली मी, खरं तर सात-आठ किका खाल्ल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी एका किकमध्ये उठले. घरात सगळेच खोटं बोलत असताना आपणच कशाला खऱ्याला चिकटून राहायचं?

बस उभी होती. कंडक्टर ओरडत होता. नळवाल्यांनी बॅग वर चढवली आणि ठेवणीतला उपदेश केला, "केस गाळलेल्या पाण्यानं धू." बस हलली. खिडकीतून एक डोकं बाहेर आलं आणि भर स्टँडवर ओरडलं, "पीऽऽप!"

परतताना आमच्या गल्लीच्या वळणावर, समोर कुणी नसताना, नळवाल्यांच्या तोंडून हळूच निघालं, "पीप." एक म्हातारा ओट्यावरून बघायला लागला, तर यांनी खोकल्याचं सोंग केलं.

अंगणात मला उभी केली. दारापर्यंत गेले, परत फिरले, वाकले आणि कॉक बंद केला.

"केला," म्हणाले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

आता मी इथे पत्र्याखाली उभी असते. पाय ठेवायचा पाटा गंजलाय, सीटमधून काथ्या डोकावतोय. आत्या म्हणते, "देऊन टाक भंगारात. किती दिवस हे वांगं सांभाळणार?" नळवाले म्हणतात, "सुट्टीत पोरीला आणायला तू जाणार आहेस का, तिला पाठीवर घेऊन?" पिपाणीचा फोन येतो तेव्हा ते माझ्याच सीटवर बसून बोलतात, म्हणून मला सगळं कळतं. पाणी खरंच जड आहे. हॉस्टेलचा नळ गळत होता, प्लंबर आलाच नाही, तिनं पाना काढला, आणि आता अख्खा मजला तिलाच हाक मारतो. हे ऐकल्यावर नळवाले फोन ठेवून एकटेच हसत बसले.

फोनच्या शेवटी ती दरवेळी विचारते, "केला का हो बाबा?"

"केला."

माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. यांच्यापैकी कुणी कधी भेटलं, तर त्या सकाळच्या कचऱ्याचा विषय काढू नका. दोघांनाही वाटतं, आपलं गुपित दुसऱ्याला कळलेलं नाही. वाटू द्या. पण तुमच्यापुरतं सांगते, माझी अब्रू राखायला. मी बाईंची स्कूटर आहे. माझ्या नळीत कचरा कधीच नव्हता.