खुलासा उताराला लागतो

गावच्या शाळेत फळ्याच्या वरच्या बाजूला रोज सुविचार लिहायची पद्धत आहे. चौथीच्या फळ्यावर जूनमध्ये 'शिस्त हाच यशाचा पाया' असा सुविचार लिहिला गेला, आणि दिवाळी उलटून गेली तरी तोच तिथे होता. रोज सकाळी तो पुसायचा आणि पुन्हा तोच लिहायचा, एवढं काम मात्र अगदी नेमानं व्हायचं. ते काम सनीकडे होतं, कारण वर्गात त्याचं अक्षर सगळ्यांत वळणदार. "सनीचं अक्षर म्हणजे मोती," असं वर्गशिक्षिका शुभांगी मॅडम येईल त्याला सांगायच्या.

सनी हा सुवर्णाचा मुलगा. शाळेच्या मागे मळ्यात त्यांचं घर. ओट्यावर उभं राहिलं की लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात आणि जवळ झेंडू. नवरा वाल्मीक पहाटे भाजी घेऊन नाशिकच्या बाजारात जातो, सासरा सावळीराम ओट्यावर बसून सगळ्या जगाला सल्ले देतो, आणि उरलेलं सगळं सुवर्णा बघते. बाई नववीपर्यंत शिकलेली आणि जिभेची तिखट. तिच्याशी भांडायला जाण्याआधी माणूस घरून जेवून निघतो, कारण परत कधी येणं होईल ते सांगता येत नाही.

असल्या बाईला मुख्याध्यापक जयराम बोराडे यांनी शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष केलं, तेव्हा गावाला नवल वाटलं. नवल कसलं? अध्यक्ष पालकांपैकीच हवा असा नियम, आणि सुवर्णाला मरायलाही फुरसत नसते हे बोराडे सरांना पक्कं ठाऊक. "ताई, तुम्हाला काही करायचं नाही," ते म्हणाले होते, "फक्त सही." मग फाटकाजवळच्या भिंतीवर ऑइलपेंटनं तिचं नाव लिहिलं गेलं, 'अध्यक्षा' ह्या शब्दासकट. येता-जाता ती ते तिरप्या डोळ्यानं वाचायची. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

सनीच्या अभ्यासाची तिला काळजी नव्हती. संध्याकाळी ती भाकरी थापत असायची आणि तो पुस्तक मांडीवर घेऊन धडाधड धडे म्हणायचा, एक शब्द अडायचा नाही. जूनमध्ये पाचवीला त्याला नाशिकरोडच्या मोठ्या शाळेत घालायचं हे तिनं ठरवून टाकलं होतं. मोठी शाळा, चांगली पोरं, पुढे काहीतरी होईल. झेंडूत हात पिवळे करायची वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं.

तर डिसेंबरात एके दिवशी तालुक्याचे आहेर साहेब शाळा तपासायला आले. चौथीत शिरले, फळा बघितला, आणि पहिल्या बाकावरच्या सनीला म्हणाले, "वाच रे."

"शिस्त हाच यशाचा पाया!" सनी ठणठणीत आवाजात म्हणाला.

"शाब्बास." साहेब वळले, पण त्यांना काय हुक्की आली कोण जाणे. त्यांनी 'शिस्त' पुसलं आणि त्या जागी 'कांदा' लिहिलं. "आता वाच."

"शिस्त हाच यशाचा पाया!"

साहेबांनी सगळ्या वर्गाला म्हणायला लावलं. सगळ्या वर्गानं छताचे पत्रे हलतील अशा आवाजात तेच सांगितलं. फळ्यावर 'कांदा हाच यशाचा पाया' असं लिहिलेलं असताना एकही पोर हसलं नाही. हसायला आधी ते वाचता यायला हवं होतं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? खाली बसला असता, पोरांना विचारलं असतं, मॅडमना विचारलं असतं, निदान कपाळाला हात तरी लावला असता. आहेर साहेबांनी खुलासा मागवला. सरकारी कामात खुलासा ही फार सोयीची चीज आहे. चूक झाली की ती दुरुस्त करायची नसते, ती का झाली हे आपल्या खालच्याकडून लेखी मागवायचं असतं. कागद एकदा खाली गेला की वरच्याची झोप मोकळी. आणि पाटाच्या पाण्यासारखा खुलासाही कायम उताराला लागतो.

आहेरांनी बोराडे सरांना खुलासा मागितला. बोराडे सरांनी वरचं नाव तेवढं बदलून तोच कागद शुभांगी मॅडमना दिला. मॅडमच्या खाली कोणी नव्हतं. पण मॅडम शहरातून रोज स्कूटीवर येतात, त्या काही अडाणी नाहीत. त्यांनी नियम शोधून काढला: शाळेच्या कामावर देखरेख पालक समितीनं ठेवायची. सरांना तो नियम इतका पटला की ते कागद घेऊन स्वतः मोटारसायकलवरून मळ्यात आले, आणि हेल्मेट न काढताच तो देऊन निघून गेले.

"काय मागत्यात?" ओट्यावरून सावळीरामनं विचारलं.

"खुलासा मागत्यात, आबा."

"सकाळी पोट खुलासा होत नसंल सायबाला, तर एरंडेल घे म्हणावं. त्याला कागद कशाला पायजे?" म्हातारा म्हणाला. पुढं जे घडलं ते पाहता एकट्या म्हाताऱ्यालाच रोगाचं निदान बरोबर झालं होतं असं म्हणावं लागतं.

सुवर्णानं कागद वाचला. 'इयत्ता चौथीचे विद्यार्थी वाचन करू शकत नसल्याबाबत, अध्यक्षा या नात्याने आपली जबाबदारी का निश्चित करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा तात्काळ सादर करावा.' पहिल्यांदा तिला हसू आलं. चौथीची कोणती पोरं? मग ते हसू ओठांवरच राहिलं. तिनं सनीला हाक मारली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"वाच."

सनीनं कागद उलटसुलट करून पाहिला. मग आईकडं बघितलं. तो घाबरला नव्हता, नुसता गोंधळला होता.

"मम्मी, हा कितवा धडा हाय?"

चुलीशी बसून वर्षभर ऐकलेला तो धडाधड आवाज तिला आठवला. पोरगं वाचत नव्हतं, म्हणत होतं. वर्गात सगळ्यांबरोबर ओरडून पाठ झालेलं घरी येऊन म्हणत होतं, आणि ती भाकरी उलटता उलटता खूश होत होती. जूनमध्ये ह्याला नाशिकरोडच्या शाळेत बसवलं तर पहिल्याच दिवशी ह्याचं काय होईल, ते तिला लख्ख दिसलं. तिला रडू आलं नाही. तिला संताप आला, आणि तो कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे आणखीनच आला.

दुसऱ्या दिवशी ती सनीला घेऊन शाळेत गेली. ऑफिसात खुलासा न्यायला आलेले आहेर साहेब खुर्चीत होते, बाजूला बोराडे सर, भिंतीशी शुभांगी मॅडम. तिला बसा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

"पोराला वाचता येत नाय," ती म्हणाली. "चार वर्षं तुमच्याकडं हाय. कोणाचं हे काम?"

"सुवर्णाताई, तुम्ही माझी अडचण समजून घ्या ना," मॅडम म्हणाल्या. "पहिली आणि चौथी एकत्र बसवते मी. त्यात खिचडीचा फोटो ॲपवर टाकायचा, मतदारयाद्या तपासायच्या. मुलांना ओरडायचं नाही, नापास करायचं नाही. ओरडलं तर पालक व्हिडिओ काढतात. शिस्त लावू कशी मी?"

"दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत," सर म्हणाले. "मी किती वेळा वर कळवलं."

"माझ्याकडे किती शाळा आहेत, कल्पना आहे का तुम्हाला?" साहेब म्हणाले. "आणि भरती माझ्या हातात नाही. ते वरचं काम."

प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं, हीच तर मेख होती. खोटं असतं तर पकडता आलं असतं. खऱ्या अडचणींची अशी भिंत उभी केली होती तिघांनी, आणि भिंतीच्या पलीकडं आपापली पोरं शहरातल्या इंग्रजी शाळांत नीट नेऊन बसवली होती. मॅडमचा मुलगा कोणत्या शाळेत जातो, सरांची मुलगी कुठं आहे, हे गावाला माहीत होतं. साहेबांचं विचारायची गरज नव्हती.

"म्हणजे कोणाचंच काम नाय?" सुवर्णानं विचारलं.

"असं कसं?" बोराडे सर पुढे झाले. इतका वेळ ते ह्याच क्षणाची वाट बघत असावेत. त्यांनी एक ठराव तिच्यापुढं ठेवला. 'शाळेतील सर्व विद्यार्थी अस्खलित वाचन करतात, याबद्दल समिती समाधान व्यक्त करते.' खाली तिची सही, आणि सहीशेजारी झेंडूचा पिवळा अंगठा उमटलेला. दसऱ्याच्या तोडणीत सर बांधावर आले होते. ओच्यात फुलं, डोक्यावर ऊन, गाडी सुटायची घाई. तिनं कागद न वाचताच सही ठोकली होती.

ती त्या पिवळ्या डागाकडं बघत राहिली. पोराला वाचता येत नव्हतं, त्याला निदान कोणी शिकवलं नव्हतं. हिला येत होतं, आणि हिनं वाचलं नव्हतं.

"ही चूक माझी," ती म्हणाली. "ती मी नाय टाळत. पण अध्यक्ष मी हाय ना? मग उद्यापासून रोज वर्गात येऊन बसते. मॅडम काय शिकवत्यात ते बघते."

मॅडमनी सरांकडं बघितलं. सरांनी घसा साफ केला. "तसं करता येणार नाही, ताई. वर्गात बसायला परवानगी लागते. त्यानं शाळेच्या शिस्तीला बाधा येते."

"म्हणजे जबाबदारी माझी आणि अधिकार तुमचा?"

"नियमात तसंच बसतं," आहेर साहेब शांतपणे म्हणाले. त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. "तुम्ही खुलासा द्या, म्हणजे मला वर पाठवता येईल. फार मोठा नको, चार ओळी पुरे."

सुवर्णा हसली. तिचं ते हसू गावातल्या माणसानं ओळखलं असतं आणि तो चपला घालून निघाला असता. पण हे तिघं बाहेरचे.

"सायेब, तुम्ही सरांना मागितला, सरांनी मॅडमला, मॅडमनी मला. मग माझ्यापाशीच का थांबायचा तो? माझ्या खाली बी एक जण हाय." तिनं सनीला टेबलापाशी ओढलं, साहेबांच्या खिशातलं पेन सरळ काढून घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. "लिही बाबा. तुला वाचता का येत नाय त्याचा लेखी खुलासा दे. सायबाला घाई हाय."

तिला वाटलं होतं, आता तरी ह्यांना लाज वाटेल. कोणीतरी म्हणेल, अहो ताई, लेकराला कशाला? कोणी काही म्हणालं नाही. सनीनं जीभ दातांत धरली, कोऱ्या कागदावर वाकला, आणि रोज सकाळी जे लिहायचा तेच मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढलं. शिस्त हाच यशाचा पाया.

साहेबांनी कागद हातात घेतला. थट्टा आहे की काय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर एकदा येऊन गेला. पण कागद होता, लेखी होता, आणि त्यावर आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं. "अक्षर छान आहे," ते म्हणाले. मग कोपऱ्यात लिहिलं: 'खुलासा प्राप्त. समाधानकारक. प्रकरण बंद.' सरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा सांगितला. मॅडमनी पर्स उचलली. बघता बघता खोलीत लग्नाच्या याद्या झाल्यासारखं वातावरण झालं.

सुवर्णा सनीचा हात धरून बाहेर पडली. फाटकाजवळ, भिंतीवरच्या तिच्या नावाखाली, पोरगं थांबलं. त्याची कळी खुलली होती, सायबानं अक्षराला छान म्हटलं होतं.

"मम्मी," त्यानं विचारलं, "मी काय लिहिलं गं त्यात?"

ती जागच्या जागी फिरली आणि त्याला घेऊन पुन्हा ऑफिसात शिरली. चहा नुकताच आला होता.

"सन्या, त्यांना विचार. मला काय विचारलंस ते."

"साहेब," सनी म्हणाला, "मी काय लिहिलं?"

कप हातातच राहिले. आहेर साहेबांनी बोराडे सरांकडं बघितलं. सरांनी मॅडमकडं. मॅडमनी, सवयीनं, सुवर्णाकडं.

सुवर्णानं भिंतीजवळची खुर्ची ओढली, सनीला मांडीजवळ उभं केलं आणि त्यांच्यासमोर ऐसपैस बसली.

"माझ्याकडं बघू नका," ती म्हणाली. "पोरानं तुम्हाला विचारलंय. अक्षराला बोट लावून शिकवा त्याला, एकेक. मी बसलेय. मला घाई नाय, फुलं तोडून झाली."