सिनेटरसाहेबांचा खांदा

रोदेल माग्पांताय पुढे फिलिपिन्सचा सिनेटर झाला; पण केरबाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिला तो भर उन्हात पालथा पडलेला. २०१२ चा जुलै. दोह्याबाहेर, स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं. केरबा सांगलीकडचा, सळई बांधणाऱ्यांचा फोरमन. रोदेल हजेरी लिहिणारा कारकून. उन्हाळ्यात दुपारी काम बंद ठेवायचा नियम होता, पण ऊन काही नियम वाचून पडत नाही. सकाळी साडेदहालाच रोदेल हजेरीवहीसकट कोसळला. केरबाने त्याला सिमेंटच्या पोत्यासारखा खांद्यावर टाकला, कंटेनरच्या सावलीत नेला आणि पाण्याची अख्खी बाटली त्याच्या डोक्यावर उपडी केली.

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. रोदेलला कॅम्पातल्या फिलिपिनो मंडळाचा अध्यक्ष व्हायचं होतं. आवाज गोड, हसणं त्याहून गोड, पण पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. केरबाला कळत होतं. त्याचा चुलता पोपटराव पंधरा वर्षं सरपंच होता आणि केरबाचं बालपण सभेच्या सतरंज्या घालण्यात गेलं होतं.

साइटवरच्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याने रोदेलला शिकवलं, "मयताला सगळ्यांच्या आधी जायचं. बारशाला गेलास तर बाळ उचलायचं आणि फोटो निघाल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. आणि काम कुणी का केलेलं असेना, नारळ आपण फोडायचा."

"आमच्यात नारळ फोडत नाहीत."

"मग रिबीन काप."

कंपनीने कॅम्पात पिण्याच्या पाण्याचा नवा कूलर बसवला, तेव्हा रोदेलने न्हाव्याच्या कात्रीने त्याची रिबीन कापली. महिन्याभरात तो अध्यक्ष झाला. वर्षभराने मायदेशी जाऊन बारांगायचा कॅप्टन झाला. बारांगाय म्हणजे तिकडची ग्रामपंचायतच. २०१६ मध्ये गावचा मेयर, २०१९ मध्ये थेट संसदेत. केरबा तिथेच राहिला. पूल झाला, दुसरा पूल झाला, मग स्टेडियम. फरक इतकाच, की कॅम्प सोडून तो शहरातल्या फरीज बिन ओमरान वस्तीत रत्नागिरीच्या फजलबरोबर एका खोलीत राहायला आला.

फजल अल नस्रमधल्या फ्लेक्स छापायच्या दुकानात होता. रोदेलच्या गावचे निम्मे लोक दोह्यात कामाला, त्यामुळे तो दर दोन वर्षांनी यायचा आणि त्याचे फलक फजलच छापायचा. "तुझा दोस्त वाढतोय रे," फजल म्हणायचा. "पहिल्या खेपेला चार फूट होता. आता बारा फूट झालाय, आणि रंगही उजळायला सांगतो."

वाढत होती ती गोष्टही. कॅप्टन रोदेल भाषणात सांगायचा, "केरबाने मला वाचवलं." मेयर झाल्यावर म्हणू लागला, "आम्ही दोघांनी एकमेकांना वाचवलं." खासदार झाल्यावर तो सांगू लागला, की एक भारतीय मजूर उन्हात कोसळला होता आणि त्याला खांद्यावर घेऊन आपण वाळवंटात दोन किलोमीटर चाललो. केरबाने फेसबुकवर ते ऐकलं आणि पोट धरून हसला. चुलत्याच्या भाषणांवर वाढलेल्या माणसाला याचं काय वाईट वाटणार?

वाईट वाटलं ते लोर्नामुळे. लोर्ना रोदेलच्याच देशातली, दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका हॉटेलात खोल्या साफ करायची. तिचा नवरा दानिलो केरबाच्याच साइटवर परांची बांधायचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो परांचीवरून उतरला, खाली बसला आणि उठलाच नाही. कंपनीने कागद दिला: खोलीवर, विश्रांतीच्या वेळी, नैसर्गिक कारणाने मृत्यू.

"कुया केरबा," ती म्हणाली. कुया म्हणजे दादा. "तो खोलीवर नव्हता ना?"

"नव्हता. मी समोर होतो."

"मग एवढंच लिहून द्या म्हणावं. माझ्या सासूला वाटतंय, तो दारू पिऊन झोपेत गेला."

ती सात महिने कंपनीच्या ऑफिसात खेटे घालत होती. केरबा दोनदा बरोबर गेला. साहेब म्हणाले, "खलास. फाइल बंद झाली." खासदार माग्पांताय यांना तिने अकरा पत्रं पाठवली. उत्तर म्हणून अकरा वेळा हसरा फोटो आला, खाली सही छापलेली.

२०२२ च्या मार्चमध्ये रोदेल आला. मे महिन्यात सिनेटची निवडणूक होती आणि परदेशातल्या फिलिपिनोंना मत होतं. दोह्यात राजकीय सभा चालत नाहीत, म्हणून हॉटेलच्या हॉलमध्ये 'कौटुंबिक स्नेहमेळावा' ठेवला होता. कुटुंब सहाशे जणांचं होतं. केरबाला खास बोलावणं आलं: पहिल्या रांगेत बसायचं, नाव घेतलं की उभं राहायचं. त्याने लोर्नाला सोबत घेतलं.

रोदेल रंगात आला. वाळवंट आता चार किलोमीटरचं झालं होतं आणि वाटेत वादळही उठलं होतं. "आणि तो भाऊ आज इथे आहे! केरबा!"

टाळ्या कडाडल्या. शेकडो मोबाइल वर झाले. कुणी तरी केरबाच्या हातात माइक दिला. आता नुसतं 'खोटं आहे' म्हटलं, तर रोदेलची फजिती होईल आणि लोर्नाचा कागद आहे तिथेच राहील, हे त्याच्या ध्यानात आलं. रिबीन कापणाऱ्याला कात्री पुढे करावी लागते.

"खरं आहे," केरबा इंग्रजीत म्हणाला. "ह्याच खांद्यावर साहेबांनी मला नेलं. आणि आज सकाळीच मला म्हणाले, केरबा, आपल्या दानिलोला मी नेऊ शकलो नाही, पण त्याचा कागद मी नेणार. त्याची बायको इथे आहे. लोर्ना, ये."

रोदेलने आज सकाळी असलं काहीही म्हटलं नव्हतं. त्याचं हसू क्षणभर जागच्या जागी थिजलं. पण सहाशे मोबाइल त्याच्याकडे रोखलेले होते. लोर्ना मंचावर गेली आणि माइकवर तिने तो कागद वाचून दाखवला. "तो परांचीवरून उतरला होता," ती म्हणाली. "पहाटे पाचपासून कामावर होता." रोदेलने डोळे पुसले, मुठी आवळल्या आणि घोषणा केली, की या बहिणीचा कागद बदलेपर्यंत आपण झोपणार नाही.

मग पायऱ्यांवर केरबाला मिठी मारता मारता तो कानात पुटपुटला, "हे तू चांगलं नाही केलंस."

"तूच म्हणालास ना, मी तुझा भाऊ," केरबा म्हणाला.

रोदेल छान झोपला. झोप उडाली ती कंपनीची. फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं वर्ष, जगभरचे वार्ताहर असलंच काही शोधत फिरत होते आणि ती चित्रफीत चार दिवसांत मनिलापर्यंत पोचली होती. दोन आठवड्यांत लोर्नाला बोलावून नवा कागद दिला: कामाच्या जागी, कामाच्या वेळेत. केरबालाही बोलावलं. त्याचं कंत्राट सप्टेंबरमध्ये संपत होतं. ते वाढणार नाही, असं साहेब गोड आवाजात म्हणाले. केरबाला वाईट वाटलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि फजलनेही मग ताट झाकून ठेवलं.

मेमध्ये बारा जागा होत्या. रोदेल बाराव्या नंबरावर आला. सिनेटमध्ये पहिल्याच भाषणात त्याने दानिलोचं नाव घेतलं, कागद आपणच बदलून आणला असं सांगितलं आणि आखाती कामगारांची स्थिती अभ्यासायला एक समिती नेमून घेतली. अध्यक्ष अर्थात तोच. समितीने अभ्यासासाठी नोव्हेंबरचा तिसरा आठवडा निवडला, नेमका वर्ल्ड कप सुरू होण्याचा.

केरबाचं कंत्राट संपलं होतं, पण कंपनीने हिशेब चुकता करायला उशीर लावल्याने त्याचा मुक्काम तोवर लांबला होता. घरी परतायचं तिकीट एकोणीस तारखेचं होतं. अठराला लोर्नाचा फोन आला. समिती तिच्याच हॉटेलात उतरली होती आणि साक्षीला दोघांना बोलावलं होतं.

साक्ष दहा मिनिटं चालली. एका सदस्याच्या गळ्यात कुठल्या तरी संघाचा मफलर होता. त्याने एकच प्रश्न विचारला, तो केरबाला: "मेट्रोने आलं तर स्टेडियममध्ये कुठल्या दारातून शिरायचं?" केरबाने नीट सांगितलं. ते दार त्यानेच उभारलं होतं.

"आता फोटो," रोदेल म्हणाला. "लोर्ना, तू मध्ये. कागद जरा वर धर."

लोर्नाने कागदाची घडी केली आणि गणवेशाच्या खिशात ठेवली. "सर, आठव्या मजल्यावरच्या सहा खोल्या राहिल्यात. त्यातली एक तुमची आहे. तुमचे टॉवेल अजून बदलायचेत."

ती निघून गेली. रोदेलने केरबाकडे पाहिलं. केरबा म्हणाला, "मला बॅग भरायचीय," आणि मागच्या दाराने बाहेर पडला.