नकोचं बटण

“काकू दिवसभरात साधारण काय काय बोलायच्या, काका?” चष्मेवालीनं विचारलं आणि पेनचं टोपण काढलं.

फ्रिजवाल्याला हसूच फुटलं. “काय बोलायची हे काय विचारतेस? काय बोलायची नाही ते विचार. डोळे उघडले की हिचं तोंड सुरू. मी म्हणायचो, अगं, फ्रिजचा कॉम्प्रेसरसुद्धा मधूनमधून बंद पडतो, तू कधी पडणार?”

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. खिडकीजवळच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. बंद पडून तिला चार महिने होऊन गेले होते.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. समजायचं मात्र सगळं, डॉक्टरांनी ते पुन्हापुन्हा बजावून सांगितलं होतं. पण बोलायला गेली की बाहेर पडायचं ते एकच, ‘तता’. तहान लागली तर तता, राग आला तर तता, रडतानाही तता. फ्रिजवाला मग पाण्यापासून सुरुवात करायचा. पाणी, पांघरूण, पंखा, उशी, एकेक पुढं करत जायचा, आणि शेवटी ती भिंतीकडे तोंड करून पडली की समजायचा, चला, भागलं.

कॉलेजच्या पोरांना त्या वर्षी प्रकल्प होता. एखादं घर गाठायचं आणि तिथलं रोजचं जगणं थोडं सोपं होईल अशी एखादी वस्तू बनवायची. चष्मेवाली वाचा-उपचार शिकत होती आणि तिच्याबरोबरचा लंबू इलेक्ट्रॉनिक्स. दोघं मिळून मांडीवर मावेल अशी बटणांची पेटी करणार होते. बटण दाबलं की त्यावरचा बोल ऐकू येणार. कुठल्या बटणावर काय घालायचं, एवढंच ठरायचं होतं.

“‘चहा ठेवू का?’ हे घाल,” फ्रिजवाला म्हणाला. “‘डबा भरलाय.’ ‘जेवायला वाढू?’ ‘आज किती उशीर!’ हां, आणि ‘गोळी घेतलीत का?’ हे तर पाहिजेच.”

चष्मेवालीचं पेन थांबलं. “हे सगळं तुमच्यासाठी झालं, काका. स्वतःसाठी काय म्हणायच्या त्या? मला हे हवं, मला ते आवडत नाही, असं काहीतरी?”

फ्रिजवाल्यानं डोकं खाजवलं. जिच्या बडबडीनं अख्ख्या संसारात त्याचे कान किटले होते, तिचं स्वतःसाठीचं एक वाक्य त्याला आठवेना.

“तिला काय लागतं!” शेवटी तो म्हणाला. “तिला कधी काही लागायचंच नाही.”

खिडकीकडून ‘तता’ आलं.

“बघ, हो म्हणतेय.”

चूक झाली ती इथं, आणि ती तिघांनी मिळून केली. जिला बोलता येत नव्हतं तिला विचारायचं सोडून, जो बोलत होता त्याला विचारलं. पोरं नवखी होती, त्यांना कोणी दोष द्यावा! पेटी तयार झाली, चष्मेवालीच्याच आवाजात. लंबूनं ती मोठ्या कौतुकानं काकूंच्या मांडीवर ठेवली. काकूंनी एक बटण दाबून पाहिलं. ‘जेवायला वाढू?’ दुसरं दाबलं. ‘चहा ठेवू का?’ मग डाव्या हातानं त्यांनी ती पेटी अशी काही ढकलली की ती जमिनीवर आपटून तिचा कोपराच उडाला.

“अगं, पोरांनी जीव ओतलाय त्यात!” फ्रिजवाला ओरडला. त्याचं नेहमीचं बोलणंच ओरडून असायचं. फ्रिज दुरुस्त करण्यात, घरघरणाऱ्या यंत्रांशेजारी त्याचं आयुष्य गेलं होतं.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. ती आजारी पडल्यापासून त्यानं लांबची कामं सोडून दिली होती. तिला अंघोळ घालायचा, भरवायचा, तिच्या पावलांना तेल चोळायचा. केस विंचरताना गुंता ओढला गेला तर स्वतःच ‘आई गं’ म्हणायचा. शेजारपाजारचे म्हणत, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. पण हे सगळं तो करायचा ते त्याच्या घाईनं आणि त्याच्या पद्धतीनं. घास तोंडाशी आला की आला, अंघोळीची वेळ झाली की झाली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी लेक दर रविवारी यायची आणि दर रविवारी तेच म्हणायची.

“बाबा, थोडे दिवस आईला माझ्याकडे राहू द्या. मी घरूनच काम करते, मला जमेल.”

“मी जिवंत असताना ती कुठंही जाणार नाही. हवं तर तिलाच विचार!”

लेक आईकडे बघायची. आई म्हणायची, ‘तता’.

“ऐकलंस?” फ्रिजवाला म्हणायचा आणि विषय संपायचा.

खरी गोष्ट अशी होती की त्याला भीती वाटायची. संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, ही नुसती कल्पनाच त्याला सोसवत नव्हती. ती काही बोलत नसली तरी चालेल, पण तिथं असावी. हे तो लेकीला सांगू शकला असता. सांगितलं नाही.

पेटी फुटल्यावर चष्मेवाली पुढच्या खेपेला एकटीच आली. आल्या आल्या ती काकूंच्या समोर खाली बसली. “काकू, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं,” म्हणाली. मग वर बघून, “काका, तुम्ही जरा बाहेर बसाल?”

“मी? माझ्याशिवाय तिचं तुला काही कळायचं नाही.”

“बघते प्रयत्न करून.”

फ्रिजवाला जिन्यात जाऊन बसला. स्वतःच्याच घराबाहेर असं बसायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आत चित्रांचे पत्ते पसरल्याचा आवाज आला. मग चष्मेवाली काहीतरी म्हणाली आणि तिच्यापाठोपाठ दुसरं कुणीतरी हसलं. खळखळून, शेवटी धाप लागेपर्यंत. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. तो धडपडत उठला, दार ढकलून आत गेला आणि हसू थांबलं.

“काका,” चष्मेवाली जरा अडखळली, “पहिलं बटण ‘नको’चं हवंय त्यांना.”

“नकोचं? नकोचं कसलं बटण! हवं काय ते सांगायला पेटी करताय ना?”

“बाकीचंही निवडलंय त्यांनी. ‘हो’ आहे, ‘खिडकी उघड’ आहे, ‘हळू’ आहे, लेकीची हाक आहे. पण नकोवर बोट ठेवल्याशिवाय त्या पुढं सरकतच नव्हत्या.”

“आणि माझी हाक?”

चष्मेवालीनं चष्मा पुसायला काढला. “तुम्ही तर समोरच असता ना, काका,” ती म्हणाली.

ह्या वेळी आवाज काकूंचाच असावा असं ठरलं. पण तो आणायचा कुठून? फ्रिजवाल्याच्या फोनमध्ये फ्रिजवरच्या मॉडेल-नंबरच्या पाट्यांचे फोटो होते, बायकोचा आवाज नव्हता. लेकीच्या फोनमध्ये मात्र आईनं बोलून पाठवलेले निरोप होते, वर्षानुवर्षांचे, एकही न पुसता ठेवलेले. रविवारी लंबू लॅपटॉप घेऊन आला. लेक, चष्मेवाली आणि फ्रिजवाला टेबलाभोवती बसले. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

“अगं, ऐक ना,” लॅपटॉपमधून ती बोलू लागली, आणि फ्रिजवाला खुर्चीसकट पुढं सरकला. “तुझ्या बाबांनी आज एक फ्रिज घरी आणलाय. म्हटलं, हा कोणाचा? तर म्हणे, पाहुणा आहे, दोन दिवस राहील. पाहुण्याशी तासभर गप्पा चालल्यात, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय. मला वाटतं आपणही पांढरा रंग लावून कोपऱ्यात उभं राहावं.”

लंबू फिसकन हसला. फ्रिजवालाही हसला, डोळे पुसत. एवढी गमतीदार बाई आपल्या घरात राहत होती!

दुसऱ्या निरोपात ती कुठल्यातरी बागेतल्या बाकाबद्दल बोलत होती, तिथं एकटीनं बसून यायचं होतं तिला, कोणी हाक मारणार नाही अशा वेळी. तिसऱ्यात तिनं त्याच्या घोरण्याची नक्कल केली होती, हुबेहूब. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी, कुठं मधेच, लांबून एक आवाज यायचा. “अगं ए! झालं की नाही तुझं?” त्यासरशी तिचा आवाज पडायचा. “आले, आले. ठेवते गं.”

“काका, पाठीमागं तुमचा आवाज येतोय,” लंबू हेडफोन सावरत म्हणाला. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं, तो त्याचं काम करत होता. “तो कापावा लागेल. सगळीकडेच आहे.”

“काप,” फ्रिजवाला म्हणाला.

स्वच्छ ‘नको’ सापडायला वेळ लागला. शेवटी एका निरोपात मिळाला. लेकीनं नवं घर घेतलं तेव्हा आईला चार दिवस बोलावलं होतं, त्याला दिलेलं ते उत्तर. “नको गं. मन खूप होतंय. पण यांचं कोण बघणार?” लंबूनं पुढचं सगळं कापून टाकलं आणि तेवढा ‘नको’ उचलून पेटीत घातला. लेक उठून आईच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

प्रकल्प दाखवायचा दिवस आला. कॉलेजच्या मोठ्या सभागृहात टेबलं मांडली होती. एकावर कापणाऱ्या हातातूनही न सांडणारा चमचा, एकावर पडणाऱ्याला सावध करणारी काठी, एकावर दृष्टी गेलेल्यांसाठी बोलणारं मोजपात्र. काकू चाकाच्या खुर्चीत, नवे कपडे घालून, मांडीवर पेटी. परीक्षक बाई वाकून म्हणाल्या, “काका, तुम्हीच काहीतरी विचारा त्यांना.”

“चहा घेतेस?” फ्रिजवाल्यानं विचारलं.

तिचं डावं बोट उचललं गेलं. ‘नको,’ तिचा आवाज म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्रिजवाल्याला राहवेना. “पाणी?” ‘नको.’ “शाल देऊ?” ‘नको.’ ती नाही म्हणणार हे ठाऊक असलेलंच तो विचारत सुटला, तेवढाच तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसत होता. चष्मेवालीला शिकवणाऱ्या बाईंनीही रुमाल काढला.

कार्यक्रम आटोपला. बाहेरच्या लांब व्हरांड्यात लेक खुर्ची ढकलत होती. फ्रिजवाला शेजारून चालत होता, कितीतरी दिवसांनी असा खुशीत.

“चल, आता घरी जाऊ,” तो म्हणाला.

‘नको.’

तो थांबला. “अगं, चुकून दाबलंस. घरी. आपल्या घरी.”

‘नको.’

फ्रिजवाल्यानं पेटी उचलली, उलटी केली, कानाशी धरून हलवली. नखानं बटणाची कड तपासली. मागून येणाऱ्या लंबूला त्यानं हाक मारली. “ए, हे बघ रे जरा. आत कुठंतरी तार चिकटलीय. चुकीचं बोलतंय.”

लंबूनं सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली. ‘हो.’ ‘हळू.’ ‘खिडकी उघड.’ मग त्यानं काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पेटी अलगद त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

“पेटी बरोबर आहे, काका.”

लेक आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. “आई, माझ्याकडे येतेस राहायला?”

‘हो,’ आई म्हणाली. तिनं पुन्हा दाबलं. ‘हो.’ मग नुसती दाबतच राहिली, ‘हो, हो, हो,’ आणि तोंडानं ‘तता, तता’ म्हणत रडू लागली. फ्रिजवाला भिंतीला टेकून उभा होता. सगळ्या रविवारचे तिचे ‘तता’ त्याला ऐकू येत होते, आणि त्यानं त्यांचा लावलेला अर्थही.

पुढच्या रविवारी टॅक्सी दाराशी आली. तिचे कपडे कुठल्या कप्प्यात असतात ते त्याला माहीत नव्हतं. तिनं खुर्चीतून बोटानं दाखवलं तसतसं त्यानं भरलं. घाई केली नाही. एकदा तिनं ‘हळू’चं बटण दाबलं तेव्हा घडी पुन्हा उलगडून नीट घातली. जिन्यावरून तिला उचलून खाली आणलं, मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशी दिली.

लेकीला गलबलून आलं. “बाबा, तुम्ही एकटे काय करणार इथं? तुम्हीही चला ना. आहे ना जागा.”

त्यानं पाहिलं, आत सीटवर तिचं बोट पेटीवर होतं. ते कुठल्या बटणाकडे निघालंय ते त्याला दिसत नव्हतं. तिला ते दाबावं लागू नये म्हणून तो घाईघाईनं म्हणाला, “नको गं. इथं कामं पडलीत माझी.”

तिचं बोट थांबलं. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती पाहतच राहिली. आजारात इतका वेळ तिनं त्याच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तेवढ्यात फ्रिजवाला “थांबा, थांबा” करत जिना चढून गेला आणि धापा टाकत परत आला. हातात पेटीचा चार्जर होता. वायर नीट गुंडाळून त्यानं तो खिडकीतून लेकीच्या हातात दिला.

“रोज न विसरता लावत जा,” तो म्हणाला. “नाहीतर मधेच बंद पडायची, आणि हिला काही म्हणायचं असेल.”