इको यंत्र आणि वाघाचा भोंगा

मी एक जुने इको यंत्र आहे. माझ्या पोटात टेपची पट्टी गोल फिरते. आत आलेला सूर मी पुन्हा पुन्हा परत देते, हळूहळू विरत जाणारा. मित्रांनो, खरे सांगते, माणसांवर माझा फारसा भरवसा नाही.

पन्नास वर्षांपूर्वी मी कारखान्यातून निघाले. तेव्हा लांब केसांची पोरे गिटारवर ग्रहताऱ्यांची गाणी वाजवत. त्यांचा सूर माझ्यातून गेला की अथांग पोकळीतून आल्यासारखा वाटे. लोक डोळे मिटून ऐकत. वाहवा मात्र गिटारवाल्याची! ती गाणी मागे पडली आणि मी या हातातून त्या हातात विकले जात पूर्व विदर्भातल्या वडशाच्या नाटक मंडळीत पोचले. झाडीपट्टीच्या रंगमंचावर यमाचा आवाज मीच घुमवला. पुढे तेही काम संगणकाने नेले.

कित्येक वर्षे पेटीत पडून होते. मग चंद्रपूरकडच्या मूल शहराजवळच्या एका गावातल्या निकेशने मला घरी आणले. तो संगणकावर डीजेची गाणी बनवतो. त्याच्या पडद्यावर माझ्यासारखीच बटणे चितारलेली पाहून मी चरकले. हा माझा आवाज भरून घेणार आणि मला भंगारात देणार!

संशय एकट्या मलाच नव्हता. त्याची बायको जया, नुकत्याच चालू लागलेल्या लेकीला, दिव्याला, कडेवर घेऊन दारातून माझ्यावर नजर ठेवी.

"हे डबडं काऊन आणलं? करंट मारन एखांद्या दिवशी पोरीले."

"अवं, आताच्या साऱ्या गाण्यायची आजी हाये हे."

"आजी हाये त मंग गप काऊन बसत नाई?"

एका दुपारी निकेशने माझी कळ पिरगाळली. सूर स्वतःवरच चढत किंचाळू लागला. ग्रहताऱ्यांच्या गाण्यांतली ही जुनी युक्ती. आज डीजेच्या गाण्यात ठेका दणक्यात सुरू होण्याआधी असाच आवाज चढतो. पण या गावात जंगलाच्या कडेला खांबावर वनखात्याचा भोंगा आहे. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला की तोही असाच वाजतो. भाताच्या रोवणीला गेलेल्या बाया चिखलाच्या पायांनी घरी धावल्या. खरा प्रकार कळल्यावर त्यांनी निकेशला शिव्या घातल्या, मग हसल्या. जया हसली नाही.

"आज हासून राह्यले. उद्या खरा वाजला त कोण पळन?"

दोन दिवसांनी तो आवाज पुन्हा चढला. घरामागच्या तळ्यावर जयाची सासू चंदाबाई धुणे धूत होती. दिव्या तिच्याजवळच खेळत होती. खिडकीतून चंदाबाईचे बोलणे आले, "लागला आमचा निकेश वाजवाले!" आणि धुणे आपटणे चालूच.

जया खोलीत धावत आली. निकेश नव्हता. तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. थंडगार. दिवा बंद.

"आई! मशीन बंद हाये! पोरीले उचला!"

ओरडतच ती पळाली. जरा वेळाने धाडकन कडी लागली आणि आत दोघींची धाप ऐकू आली. दिव्या रडत होती. धुण्याच्या दगडापासून दहा पावलांवर नंतर वाघाचे ठसे सापडले.

आता आपण भंगारात, असेच मी धरून चालले होते. पण जयाने फक्त माझी वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. निकेशने कानाला हेडफोन लावले की मगच ती मिळते, आणि तो वाजवत असेतोवर जया स्वतः भोंग्याकडे कान देऊन दारात बसते. तिचा माझ्यावर अजून विश्वास नाही. तरी माझ्या झाकणावरची धूळ तीच पुसते.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना मोडीत काढू नका. आमच्यातून निघालेली गाणी मनसोक्त ऐका; पण तुमच्या गावालाही असा भोंगा असेल, तर एक कान त्याच्याकडे उघडा ठेवा.