गुहेबाहेरचा राजा

आमच्या रविवारच्या शाळेतली पोरं मला सिंहमामा म्हणतात. आठवडाभर मी कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या बनवतो आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत बायबलच्या गोष्टी सांगतो. कापड लावलेल्या फळ्यावर कापडाचीच चित्रं डकवत गोष्ट पुढे न्यायची, अशी आमची पद्धत. पण दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकतात तिथे पोचलो की मी फळा सोडतो आणि स्वतःच सिंह होतो. माझी डरकाळी ऐकून एकदा आमच्या चर्चचे पाळकसाहेब हातातला चहा सांडत धावत आले होते. हे मी अजून अभिमानाने सांगतो, यावरून माझी अक्कल ओळखा.

दुसऱ्यांना विश्वास वाटत फिरणं हा माझा जुना रोग. शेजारी मूतखड्याने तळमळत होते तेव्हा त्यांना धीर द्यायला मी दावीदाने ओढ्यातून उचललेल्या पाच गोट्यांची गोष्ट सांगितली. ‘पाच?’ एवढंच म्हणून ते भिंतीकडे वळले. भाचा बोटीवर नोकरीला निघाला, त्या दिवशी मी भरल्या घरात योना रंगवला. वादळ, बोटीतून फेकाफेक, त्याला गिळणारा मासा, सगळं हातवाऱ्यांसकट. माझी बहीण अजून माझ्याशी तुटक बोलते.

आणि मग माझ्याच घरावर पाळी आली. जिना चढताना बायकोला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एका बाजूनेच उघडणारं दार असतं, ते आता नीट मिटत नाही. माझ्या धंद्यातली गोष्ट, मला लगेच कळली. नीट न मिटणाऱ्या दाराचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो.

तरी ती दवाखान्यात भरती झाली त्या दिवशी माझा ताठा शाबूत होता. शेजारच्या खाटेवरच्या आजी घाबरल्या होत्या म्हणून मी त्यांना दानीएल सांगायला घेतला आणि सवयीने डरकाळी फोडली. सिस्टर औषधांची गाडी तशीच सोडून धावत आल्या.

‘‘कुणाला काय झालं?’’

‘‘काही नाही, सिंह आला होता,’’ आजी म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसत होतं. सिस्टरना मात्र नव्हतं.

‘‘पुन्हा आवाज आला तर तुम्हाला बाहेर काढीन,’’ त्यांनी मला बजावलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बायको उशीला टेकून बसली होती. मी तिच्यासाठी संत्रं सोलत होतो आणि सोललेल्या फोडी स्वतःच खात होतो.

‘‘अहो, एक गोष्ट सांगा ना,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्या जगाला सांगता. मला कधी सांगितलीत?’’

मी सुरुवात केली. दानीएल रोज तीनदा प्रार्थना करायचा, इथवर ठीक चाललं. बंदी असूनही प्रार्थना केली म्हणून त्याला गुहेत टाकलं. तोंडावर धोंडा लोटला, धोंड्यावर शिक्का-मोहोर उठवली. इथे मी दरवेळी म्हणतो की, मुलांनो, असं पक्कं कुलूप मलासुद्धा उघडता आलं नसतं. त्या दिवशी ते वाक्य मी गाळलं. उद्या हिच्यामागे असंच एक दार बंद होणार होतं. मी डरकाळीचा प्रयत्न केला, तर दूध मागणाऱ्या मांजरासारखा आवाज निघाला.

‘‘सिंहाला सर्दी झालीय,’’ ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, ‘‘राजाचं काय झालं?’’

‘‘कुठला राजा?’’

‘‘बघा! त्याला तुम्ही नेहमी गाळता. तुमच्या चित्रांच्या पेटीतले सिंह झिजून चिंध्या झाले. राजा मी माझ्या जांभळ्या पोलक्याच्या कापडातून कापला होता, मुकुटासकट. तो अजून कोरा करकरीत आहे.’’

खरं होतं. राजाने दरबाऱ्यांच्या बोलण्याला फसून तो बंदीचा हुकूम काढला, मग रात्रभर अन्नाला शिवला नाही, त्याला झोप आली नाही, आणि उजाडताच तो रडवेल्या आवाजात दानीएलाला हाका मारत गुहेकडे धावला. एवढा रडका माणूस पोरांपुढे कशाला आणायचा, असं म्हणून मी सरळ सिंहांवरून सकाळवर उडी मारायचो.

‘‘उद्या दानीएल मी,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही राजा.’’

‘‘मला भीती वाटतेय गं.’’ शेवटी बोललो एकदाचा.

‘‘मग? राजाला नव्हती वाटली? सिंहांची तोंडं काय त्याच्या धिटाईने बंद झाली? ती देवाने केली. राजाने फक्त येऊन हाक मारायची होती. तेवढं करा.’’

तिने माझ्या हातातलं उरलेलं संत्रं काढून घेतलं. दोनच फोडी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. त्या दाराला कुलूप नव्हतं, कडी नव्हती, किल्लीचं भोकसुद्धा नव्हतं. ढकललं की उघडायचं आणि आपोआप मिटायचं. उभ्या आयुष्यात मला न उघडता आलेलं दार नाही, आणि या दारासमोर मी मख्खासारखा बसून होतो. मेव्हणीने चहा-पाव आणून समोर ठेवला.

‘‘भाऊजी, खाऊन घ्या.’’

‘‘राजाचा उपास आहे,’’ मी म्हणालो. तिने कपाळावर हात मारला आणि पाव स्वतः खाल्ला.

मी प्रार्थनेला बसलो. माझी प्रार्थना काय असणार? प्रभू, झडप बसवताना आधी बिजागरीकडची बाजू बघून घे, घाईत वाकडी बसते. बराच वेळ मी असा देवाला कारागिरी शिकवत होतो. ज्याने ते हृदय घडवलं, त्याला! मग लाज वाटली आणि ते थांबवलं. पोरांना सांगायची एकही गोष्ट आठवेना. मला ती हवी होती. पोलकं कापणारी, माझ्या फोडी मोजणारी, तीच हवी होती. ‘मला माझी बायको परत दे,’ एवढंच म्हणत राहिलो, आणि तेही रडवेल्या आवाजात.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. काम नीट झालं होतं. पण श्वासाची नळी काढल्यावरही ती धड जागी होईना. संध्याकाळी सिस्टर दार ढकलून बाहेर आल्या. त्याच, डरकाळीवाल्या.

‘‘एकजण आत या. आम्ही हाका मारतोय, ती नुसती पापण्या हलवते. तुमचा आवाज ओळखीचा असेल.’’ मग त्यांना आठवलं. ‘‘हळू आवाजात.’’

त्यांनी काळजी करायचं कारण नव्हतं. माझ्याकडे आवाज होताच कुठे? तिच्या अंगाला सगळीकडून वायरी आणि नळ्या होत्या, चेहरा मेणासारखा पांढरा. मी राजाचं भारदस्त वाक्य पाठ करून आलो होतो. निम्मं विसरलो. खाटेचा दांडा धरून कसाबसा म्हणालो, ‘‘दानीएला... जिवंत देवाच्या सेवका... अगं... त्याने तुला सोडवलं का गं?’’

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. बायको हलली नाही. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

तिचे ओठ हलले. मी कान खाली नेला.

‘‘महाराज,’’ ती पुटपुटली, ‘‘चिरायू असा.’’ दानीएलाने गुहेतून दिलेलं उत्तर, शब्द न् शब्द.

‘‘भ्रमात बोलतेय बहुतेक,’’ सिस्टर काळजीने म्हणाल्या. ‘‘घरी तुम्हाला महाराज म्हणतात का?’’

‘‘नाही हो,’’ मी म्हणालो, ‘‘घरी मला कुणी विचारत नाही.’’ आणि मला जे रडू फुटलं, ते आजींच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं असणार. सिस्टरनी शब्द पाळला. दंडाला धरून त्यांनी मला बाहेर काढलं.