कागदावरचे भाऊ

"सख्ख्या भावांचं लग्न लावायचं का मी आता?" विवाह नोंदणीच्या खिडकीवरची बाई एवढ्या मोठ्याने म्हणाली, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही कळावं, हसायचं कुणाला ते. रांग हसली.

टायपिस्टकाका अर्ज देऊन खिडकीपाशी उभे होते. मागच्या बाकावर शिंपी काठी धरून बसला होता. चाळीस वर्षं शिवणकाम करून त्याचे डोळे पार अधू झाले होते. बाईच्या हातातलं पिवळं पडलेलं प्रतिज्ञापत्र काकांच्याच हातचं होतं. तेहतीस वर्षांपूर्वी कोर्टाच्या व्हरांड्यात बसून टाइप केलेलं.

तेव्हा घरमालकाने दोन सडाफटिंग पुरुषांना खोली द्यायला साफ नकार दिला होता. काकांचं पोटच टायपिंगवर. त्यांनी पाच मिनिटांत कागद हजर केला. आम्ही दोघे सख्खे भाऊ, एका बापाचे. बाप अर्थात काकांचा, ज्याने काकांना एका मित्राबरोबर नको तसं पाहून घराबाहेर काढलं होतं. आणि शिंप्याचा बाप, ज्याने पोराचा हात हातात धरून त्याला कात्री चालवायला शिकवली, तो एका ओळीत पुसला गेला.

"तुझ्या बापाचं नाव लावून फिरू मी?" शिंपी भडकला होता.

"खोली मिळेपर्यंत."

खोली मिळाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मग एकेक जोडी काकांचा पत्ता विचारत येऊ लागली. काकांनी अशा अडतीस जोड्यांना भाऊ करून टाकलं. रविवारी त्यांच्याच खोलीत बैठक भरायची आणि बोलणं भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून शिंपी रिकामंच मशीन चालवत बसायचा. पत्रकं निघाली, मोर्चे निघाले. लोकांनी अंडी मारली, पोलिसांनी काठ्या मारल्या. बैठकीची संस्था झाली. यंदा कुठे कायदा झाला आणि अशा जोडप्यांची नोंदणी सुरू झाली. मोर्चात पहिल्या रांगेत बेंबीच्या देठापासून ओरडणारे काका कागदावर मात्र भाऊच राहिले होते.

तो कागद इथवर आणला घरमालकाच्या मुलाने. म्हातारा गेल्यापासून त्याचा खोलीवर डोळा होता. लेखी हरकत घेऊन तो सकाळपासून खांबाला टेकून उभा होता.

"काका, भाऊ म्हणून खोलीत राहा, नाहीतर नवरे म्हणून रस्त्यावर या," तो म्हणाला. "माझी काही जबरदस्ती नाही."

संस्थेची अध्यक्ष वकीलबाई. तिला संस्थेत आणलं काकांनीच. ती काकांच्या कानाशी लागली. "अर्ज मागे घ्या, काका. हा कागद खोटा ठरला, तर बाकीचे अडतीस उघडे पडतील. सगळे तुमच्याच हातचे आहेत."

गेल्याच महिन्यात हिने माइकवरून लोकांना सांगितलं होतं की लपू नका. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच राग जास्त आला. त्यांनी अर्ज परत घ्यायला खिडकीत हात घातला.

"बाई, लिहा," मागून शिंपी म्हणाला. तो काठी टेकत उठला होता. "आम्ही भाऊ नाही. यानं खोटं लिहिलं, मी सही केली. उद्या मेलो तर मला याच्या बापाच्या नावानं नेतील. ते मला नको."

काकांनी हात मागे घेतला.

"साक्षीदार लागेल," बाई म्हणाली. "भाऊ नाहीत हे माहीत असलेला."

काकांनी मागे पाहिलं. रांगेत तिसऱ्या नंबरवर पोस्टमन आणि बेकरीवाला उभे होते. अडतिसातलीच जोडी, काकांच्या खोलीत शेकडो वेळा जेवलेली. पोस्टमन बुटांकडे बघत राहिला.

"भाऊ केलंस तूच," बेकरीवाला म्हणाला. "आता आमचं घरही तूच उठव." त्याने पोस्टमनच्या दंडाला धरलं आणि दोघे रांग सोडून निघून गेले. वकीलबाईने पिशवीची चेन लावली. "मला यात धरू नका, काका," म्हणाली आणि तीही गेली.

"मी करतो सही," घरमालकाचा मुलगा पुढे आला. "लहानपणापासून बघतोय. दोघांत एक खाट. भाऊ कसले? अख्ख्या इमारतीला माहीत आहे." त्याने खिशातून पेन काढलं. शाई उमटेना, तसं त्याने ते झटकलं. काकांना त्याचा गळा धरावासा वाटत होता आणि त्याच वेळी त्याचं पेन चालावं म्हणून जीव टांगणीला लागला होता. तेहतीस वर्षं माणसं जोडली आणि साक्षीला उभा राहिला तो हा.

पेन चाललं. मुलाने नावाखाली झोकात रेघ ओढली. "बाबांनी खोली भावांना दिली होती. महिन्याभरात रिकामी करा," तो हसत म्हणाला.

बाईने झुरळ मारावं तसा दाखल्यावर शिक्का मारला. "पुढचे."

जिन्यात शिंप्याने काकांची बाही ओढली. "वाच."

काकांनी वाचलं. शिंप्याचं नाव, त्यापुढे त्याच्या बापाचं. शिंप्याने पुन्हा वाचायला लावलं.

"तुझा बाप गेला ना माझ्या नावापुढून?"

"गेला."

"मग चल," शिंपी म्हणाला. "सामान बांधायला महिना पुष्कळ झाला. मशीन आधी काढू, ते जड आहे."